कागदावर नसलेले पाणी

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. माझ्या अंगावर एकेकाळी हिरवा रंग होता. आता तो जिथे कोणाचा हात पोहोचत नाही तेवढ्याच जागी उरला आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या तळमजल्यावर पाण्याची प्रयोगशाळा आहे, तिथे सिमेंटच्या ओट्यावर मला बोल्ट आवळून बसवले आहे. खाली हौद आहे. हौदातले पाणी मी वरच्या टाकीत नेतो, ते पुन्हा हौदात येते, मी पुन्हा वर नेतो. हिशेबाने बघितले तर माझ्या आयुष्यभराच्या कष्टांनी पाणी कुठेच गेलेले नाही. पण त्या पाण्यावर कितीतरी मुले शिकून बाहेर पडली.

माझा जन्म ओतशाळेतला. वाळूच्या साच्यात बीड, म्हणजे वितळलेले ओतीव लोखंड, ओतले, थंड झाल्यावर साचा फोडून मला काढले, लेथवर तासले. पोटात पंखा बसवला आणि पंख्याच्या दांड्याभोवती ग्लँडची दोरी आवळली. दांडा फिरताना पाणी बाहेर फुटू नये म्हणून ही दोरी असते. तिला सतत थोडा ओलावा लागतो. कोरडी फिरली की ती जळते आणि दांड्याला ओरखडे पडतात.

माझी एक खोड आहे, तीही सांगून टाकतो. हौदात बुडालेल्या नळीच्या तोंडाशी जी झडप असते ती माझी पहिल्यापासून गळकी. त्यामुळे मी थांबलो की पोटातले पाणी हळूहळू उतरून जाते आणि हवा भरते. मला चालू करायचे तर आधी डोक्यावरचे पितळी टोपण काढून, नरसाळे लावून, मगाने पाणी भरावे लागते. ते न करता बटण दाबले तर पंखा नुसताच हवेत गरगरतो.

माझ्याबरोबर एक माहितीपुस्तक आले होते. ते पहिल्याच वर्षी कोणीतरी वाचायला म्हणून नेले, ते नेलेच. त्यातून माझ्या आयुष्यातली मुख्य गोष्ट सुरू झाली.

सर तेव्हा तरुण होते. ते पाण्याचे शास्त्र शिकवत आणि आठवड्यातून एक तास लेखनाचा घेत. हा तास कोणालाच नको होता. मुलांना तर नकोच होता. आम्ही इंजिनिअर होणार, आम्हाला निबंध कशाला, असे ती म्हणत. सरांनी वाद घातला नाही. ते म्हणाले, या पंपाचं पुस्तक हरवलंय, तुम्ही नवीन लिहा. ज्याने पंप कधी पाहिला नाही त्याला तुमचा कागद वाचून पंप चालवता आला पाहिजे.

मुलांनी अर्ध्या तासात लिहून दिले. आता पंप न पाहिलेला माणूस हवा होता. योगायोगाने सरांची बायको दारात उभी होती. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, त्या दिवशी दुकान लवकर बंद झाले म्हणून सरांना घेऊन घरी जायला आली होती.

"अगं, हा कागद वाच आणि तो पंप चालू कर," सर म्हणाले.

"अहो, मला शॉक बसला तर?"

"मी मेन स्विचपाशी उभा राहतो."

मेन स्विच समोरच्या भिंतीवर आहे आणि बटण माझ्या शेजारी. दोन्हीपाशी दोन माणसे लागतात. ती माझ्याजवळ आली, सर भिंतीशी गेले, आणि पुढे कित्येक वर्षे त्या दोघांच्या जागा त्याच राहिल्या.

पहिल्या कागदावर पहिले वाक्य होते, 'प्रथम पंप सुरू केला जातो.' तिने ते मोठ्याने वाचले आणि हाताची घडी घालून स्टुलावर बसली. मुले बघत राहिली. शेवटी एक जण म्हणाला, काकू, सुरू करा ना. ती म्हणाली, "सुरू केला जातो असं लिहिलंय. म्हणजे करणारं कोणीतरी येणार असेल. मी वाट बघतेय."

वर्ग हसला. ज्याने लिहिले होते तो सोडून. त्याने कागद परत घेतला आणि लिहिले, 'हिरवे बटण दाबा.'

त्या दिवसापासून मुले तिला सांगकाम्या काकू म्हणू लागली. कागदावर असेल तेवढेच करायचे, नसेल ते करायचे नाही, आणि लिहिणाऱ्याने तोंडाने एक अक्षर सांगायचे नाही, असा नियम ठरला. 'योग्य प्रमाणात पाणी घाला' असे आले की काकू मग हातात धरून उभी राहायची. योग्य म्हणजे अर्धा मग की अर्धी बादली? 'व्हॉल्व्ह फिरवा' वाचले की ती उलटा फिरवायची आणि शांतपणे पुढचे वाक्य वाचायची. 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे' असे असले आणि आकृती जोडायची राहिली असली, तर ती कागद उलटून, खाली वाकून, ओट्याच्या मागे जाऊन आकृती शोधायची. एकाने चौथ्या वाक्यात बटण दाबायला सांगितले आणि पाचव्यात लिहिले, 'बटण दाबण्यापूर्वी पाणी भरल्याची खात्री करा.' काकूचे बोट बटणावर पडायला आणि सरांनी मेन स्विच ओढायला एकच गाठ पडली. नंतर सरांनी फळ्यावर एवढेच लिहिले की इशारा आधी, कृती नंतर.

सरांचे शिकवणे असेच होते. एका वाक्यात एक काम. आकडा आला की त्याच्यामागे एकक आलेच पाहिजे. एका वस्तूला पहिल्या पानावर जे नाव दिले तेच शेवटच्या पानापर्यंत. जे डोळ्यांनी पाहिले ते वेगळे लिहा आणि त्यावरून जे वाटले ते वेगळे. एखादा आकडा आलेखाच्या रेषेवर बसत नसेल तर तो खोडू नका, तसाच दाखवा, कदाचित तोच खरे सांगत असेल. दुसऱ्याचे घेतले असेल तर कोणाचे ते लिहा. हे सगळे मुले वहीत उतरवून घेत आणि विसरत. पण काकू ओट्याच्या मागे आकृती शोधताना ज्याने पाहिली तो आकृती जोडायला पुन्हा विसरला नसेल.

तुम्ही विचाराल, दरवर्षी तेच करून काकूला पंप चालवणे पाठ झाले नाही का? झाले की. दुसऱ्याच वर्षी झाले. मी काही फार अवघड यंत्र नाही. एकदा एक मुलगा वैतागून तिला म्हणाला, काकू, पाणी भरायचं असतं हे तुम्हाला चांगलं माहितीये. ती म्हणाली, "मला माहितीये रे. कागदाला माहीत नाही."

हे तिने कुठून आणले असेल याचा मी विचार केला आहे. ती एकदा मुलींना दुकानातले सांगत होती. डोळे तपासायला आलेली माणसे रांगेत बसल्या बसल्या समोरच्या पाटीवरची अक्षरे ऐकून पाठ करतात, आणि आपली वेळ आली की धडाधड म्हणून दाखवतात. दिसत काही नसते. तिला रोज सांगावे लागे की आठवून सांगू नका, दिसतंय तेवढंच सांगा. माणसांना हे फार जड जाते, असे ती म्हणाली. तिला स्वतःला ते जड जात नव्हते, किंवा जात असेल तरी दिसत नव्हते.

माझे ते चांगले दिवस होते. वर्षाला एकदा मला तेलपाणी होई. जुनी मुले नोकरीतून भेटायला आली की माझ्या डोक्यावर थापटी मारून जात. पुढे प्रयोगशाळेत नवा पंप आला. तो हौदाच्या पातळीखाली बसवला आहे, त्याच्या पोटात पाणी आपोआप भरलेले असते, आणि त्याच्या पाटीवर आकडे उजळतात. सगळे प्रयोग त्याच्याकडे गेले. मला फक्त लेखनाच्या तासासाठी ठेवले. मोठ्या मॅडम, म्हणजे विभागप्रमुख, यांनी तेव्हाच सांगून टाकले होते की ज्या दिवशी हा तास बंद होईल त्या दिवशी हा पंप भंगारात जाईल. त्यात राग नव्हता. जागा कमी होती.

मग एका सत्रात काकू आली नाही. सर म्हणाले, तिला बरं नाही. पुढच्या सत्रातही ते तेच म्हणाले. त्यानंतर सर स्वतःच काही आठवडे आले नाहीत. आले तेव्हा त्यांनी कोणाला काही सांगितले नाही आणि कोणी विचारले नाही. मुलांना कळलेले होते.

एका मुलाने नंतर सुचवले की कागद वाचायला माझ्या मावशीला बोलावू का. सर म्हणाले, नको, मीच वाचतो. बटण आणि मेन स्विच यांच्यामध्ये एका माणसाचे हात पुरत नाहीत, म्हणून ते मेन स्विचपाशी उभे राहायचे बंद झाले. ते माझ्याजवळ येत, कागद वाचत, मी चालू होई, ते सही करत. पूर्वी ज्याला तासभर लागायचा ते काम आता लवकर उरकू लागले. मुलांना वाटले, आपले लेखन सुधारले.

त्या वर्षीच्या वर्गात एक मुलगी होती. ती इतकी भरभर बोले की सगळे तिला एक्सप्रेस म्हणत. तिने लिहिलेला कागद वर्गात सर्वांत चांगला ठरला. खरोखर चांगला होता. वाक्ये छोटी, इशारे जागच्या जागी, आकृती जोडलेली. त्यात पाणी भरायचे मात्र राहून गेले होते.

सर माझ्याजवळ उभे राहून तो वाचू लागले. पहिली ओळ वाचली, केली. दुसरी वाचली, केली. आणि दुसऱ्या व तिसऱ्या ओळीच्या मध्ये त्यांच्या उजव्या हाताने माझे टोपण काढले, नरसाळे लावले, मगाने पाणी भरले आणि टोपण पुन्हा लावले. त्यांचे डोळे कागदावर होते. हात आपले काम करत होता. मुले दाबाच्या काट्याकडे बघत होती. तिसऱ्या ओळीला बटण दाबले गेले, पाणी वर गेले, सरांनी कागदावर 'उत्तम' लिहून सही केली. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या शेजारच्या खांबावर लावला.

पुढच्या आठवड्यात सर दुसरीकडे परीक्षेच्या कामाला गेले होते. त्यांच्या जागी बदली सर आले. ते नव्या पंपावर शिकलेले, त्यांना पाणी भरायची सवय असण्याचे कारण नव्हते. त्यांनी खांबावरचा कागद काढला, मुलांना जवळ बोलावले आणि एकेक ओळ वाचून अगदी तसेच केले. मी कोरडा फिरलो. आधी आवाज बदलला, मग जळका वास आला, मग ग्लँडमधून धूर निघाला. कोणीतरी धावत जाऊन मेन स्विच ओढला. दोरी जळून गेली होती. दांड्याला ओरखडे पडले होते.

मोठ्या मॅडमनी सरांना बोलावून सांगितले की काय झाले त्याचा अहवाल लिहून द्या. आणि हेही सांगितले की ज्या तासाच्या कागदाने यंत्र जळते तो तास चालू ठेवण्याचे कारण त्यांना सापडत नाही. अहवाल वाचून त्या ठरवणार होत्या.

एक्सप्रेस प्रयोगशाळेत आली तेव्हा सर माझ्यासमोर स्टुलावर बसले होते. ती म्हणाली की चूक माझी आहे, मी पाणी भरायचं लिहिलंच नव्हतं, मी मॅडमना तसं सांगते. मग बोलता बोलता थांबली, जे तिच्या बाबतीत क्वचित होई.

"पण सर, मी लिहिलं नव्हतं तर त्या दिवशी पंप चालला कसा?"

सरांनी माझ्या टोपणाकडे पाहिले. मगाकडे पाहिले. मग आपल्या हाताकडे पाहिले.

"मी भरलं असणार," ते म्हणाले. "भरलंच असणार."

अहवाल त्यांनी तिथेच, माझ्या ओट्यावर कागद ठेवून लिहिला. त्यात तिच्या कागदाचा उल्लेख होता म्हणून आधी तिला वाचायला दिला. ती एरवी भरभर वाचणारी, पण हा तिने हळू वाचला. मग पेन्सिल मागितली.

"सर, इथे लिहिलंय, 'दुर्दैवाने पाणी भरण्याची पायरी नजरेतून सुटली.' कोणाच्या नजरेतून?"

सरांनी त्या वाक्याखाली बोट ठेवून ते पुन्हा वाचले.

"आणि 'दुर्दैवाने' काढू? जे मोजता येत नाही ते अहवालात नको, असं तुम्हीच सांगितलंय."

"काढ," सर म्हणाले.

तिने तो शब्द खोडला. सरांनी कागद परत घेतला आणि नवीन लिहिला. तो अर्ध्या पानाचा झाला. तो त्यांनी मोठ्याने वाचून पाहिला, म्हणून मला माहीत आहे. काय घडले ते आधी होते. 'पंप कोरडा फिरला, ग्लँडची दोरी जळाली, दांडा खराब झाला.' मग कारण होते. 'सूचनेत पाणी भरण्याची पायरी नव्हती. ती तपासताना मी स्वतः पाणी भरले आणि ते माझ्या लक्षात आले नाही. मी यंत्र ओळखतो, त्यामुळे कागदावर नसलेले मला दिसले.' शेवटी उपाय. 'तपासणारा यंत्र न ओळखणारा हवा. पूर्वी तसा होता. नंतर मी दुसरा शोधला नाही.'

शेवटचे वाक्य वाचताना ते अडखळले, पण त्यांनी ते खोडले नाही.

मोठ्या मॅडम अहवाल हातात घेऊन स्वतः खाली आल्या. त्या मूळच्या विजेच्या शाखेतल्या, या प्रयोगशाळेत सहसा येत नसत. त्यांनी सरांना एकच विचारले, असा न ओळखणारा माणूस तुम्ही दर वेळी आणणार कुठून? एक्सप्रेस आणि बदली सरही तिथेच होते. एक्सप्रेस मध्येच बोलली.

"मॅडम, तुम्हाला येतो का हा पंप चालवता?"

बदली सरांनी घसा खाकरला. मॅडम म्हणाल्या, नाही. मग स्वतःच म्हणाल्या की दुरुस्ती झाली की मीच वाचेन, आणि त्यावरून काय ते ठरवू.

मला नवा दांडा मिळाला, नवी दोरी मिळाली. एक्सप्रेसने नवा कागद लिहिला. मॅडम आल्या, माझ्याजवळ उभ्या राहिल्या. सर समोरच्या भिंतीशी, मेन स्विचपाशी जाऊन उभे राहिले. कितीतरी दिवसांनी.

मॅडमनी वाचले, 'पितळी टोपण काढा.' आणि टोपण काढले. पण माझ्या अंगावर पितळी टोपणे दोन आहेत. एक डोक्यावर पाण्याचे, दुसरे मागे तेलाच्या डबीचे. मॅडमच्या हाताला मागचे जवळ होते. 'नरसाळे लावा.' लावले. 'बुडबुडे यायचे थांबेपर्यंत पाणी भरा.' मॅडम भरू लागल्या.

एक्सप्रेसचे तोंड उघडले आणि तिने ते दोन्ही हातांनी दाबून धरले. सरांना सगळे दिसत होते. माझे तेल नासत होते, तास हातचा जात होता, आणि मदत करायला एक शब्द पुरे होता. ते बोलले नाहीत. भिंतीला टेकून, स्विचवर हात ठेवून उभे राहिले.

डबी भरली आणि तेलपाणी मॅडमच्या बुटांवर आले.

"बुडबुडे आलेच नाहीत," मॅडम म्हणाल्या. "मग ते थांबले असं समजायचं का? कागद पुढे जा म्हणत नाही. मी पुढे जाणार नाही."

त्या स्टुलावर बसल्या आणि रुमालाने बूट पुसू लागल्या. बूट पुसून झाल्यावर त्यांनी वर पाहिले.

"कागद चुकला," त्या म्हणाल्या. "पण बटण दाबायच्या आधी चुकला. आणि तुम्ही सांगितलं नाहीत, हे बरं केलंत. दुरुस्त करा. मी परत येते."

माझे तेल बदलले. एक्सप्रेसने कागदात लिहिले की पंपाच्या गोल भागावरचे, नळीलगतचे टोपण काढा, आणि बाण काढून आकृतीत दोन्ही टोपणे दाखवली. एक ओळ वाढवली, 'बुडबुडे आलेच नाहीत तर थांबा. टोपण चुकले आहे.' मॅडम परत आल्या. जिथे अडल्या होत्या तिथून नाही, पहिल्या ओळीपासून त्यांनी वाचले. नरसाळ्यात बुडबुडे आले, येत राहिले, थांबले. टोपण बसले. बटण दाबले गेले. मी पाणी वर नेले आणि ते टाकीत पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

मॅडमनी सही केली. तास चालू ठेवा, म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"पण पुढच्या वेळी मला बोलावू नका. मला आता येतो हा पंप."

सरांना ते पटले. आठवून न वाचणारी माणसे फार थोडी असतात, आणि सरांना अशी एकच मिळाली होती. बाकीच्यांचे एका वाचनात काम संपते. म्हणून आता लेखनाच्या तासाआधी सर बाहेर पडतात. फाटकापाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात, तुम्हाला पंप चालवता येतो का? नाही? मग दहा मिनिटं या. पूर्वी ते घरून प्रयोगशाळेत आणि प्रयोगशाळेतून घरी जात, कोणाशी बोलत नसत. आता कुरिअरवाला, पुस्तके विकणारी बाई, कोणाचे तरी आजोबा, असे कोणीही त्यांच्याबरोबर जिना उतरून येते.

मित्रांनो, यंत्राला तेलपाणी लागते, ओलावा लागतो. तेवढे द्या, आम्ही चालतो. आणि कधी कोणासाठी काही लिहाल, तेव्हा तुम्हाला जे माहीत आहे ते कागदाला सांगितले का, ते न ओळखणाऱ्याकडून तपासून घ्या. तो वाचताना अडला तर रागावू नका. तुमच्यासाठी वेळ काढून कोणी तुमचे लिहिलेले जसेच्या तसे करून बघते, याहून मोठी मदत नाही, आणि ती करणारी माणसे आहेत तोवर त्यांना सांभाळा.

आज सरांनी आणलेल्या आजोबांना कागदावरची पहिलीच ओळ कळलेली नाही. त्यांनी ती पुन्हा वाचली, चष्मा कपाळावर ढकलला आणि विचारले, "हे कोणी लिहिलंय?" मागच्या बाकावरून एक हात हळूच वर आला आहे.